लाजेपोटी लपवलेला आजार : गुदभ्रंशाचे उपचार आणि जामसरपासून ऑपरेशन टेबलापर्यंतची वाट

काही आजारांची चर्चा चावडीवर होते, काहींची फक्त घरात होते आणि काहींची घरातसुद्धा होत नाही. शौचाच्या वेळी मलाशय बाहेर येणे, म्हणजेच गुदभ्रंश, हा या तिसऱ्या प्रकारातला आजार आहे. गावपाड्यांवर आरोग्याच्या प्रश्नांवर काम करताना ताप, खोकला, बीपी, साखर यांबद्दल लोक मोकळेपणाने बोलताना आम्ही पाहतो. पण ‘खालून काहीतरी बाहेर येतं’ हे वाक्य बाई दुसऱ्या बाईच्या कानात सांगते आणि पुरुष तर बहुधा कुणालाच सांगत नाही. कितीतरी लोक वर्षानुवर्षे हाताने आत ढकलून, फडकी बदलून, प्रवास आणि लग्नकार्ये टाळून दिवस काढतात.

वास्तविक या आजारावर उपचार आहेत. लहान मुलांत तो बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय बरा होतो. मोठ्या माणसांत ऑपरेशन लागते आणि ते सरकारी व्यवस्थेतून होऊ शकते. मग माणसे का सोसत राहतात? आमच्या मते याची तीन कारणे आहेत : लाज, दवाखान्याचे अंतर आणि बुडणारी मजुरी. जव्हार-मोखाड्यातील जामसरसारख्या गावात ही तिन्ही एकत्र येतात. म्हणून या लेखात वैद्यकीय माहिती देतानाच या तीन अडथळ्यांवरही आम्ही बोलणार आहोत. (हा लेख डॉक्टरांच्या तपासणीला पर्याय नाही, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यासाठी केलेली मदत आहे.)

गुदभ्रंश म्हणजे नेमके काय?

मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे मलाशय. शौच बाहेर पडण्याआधी ते इथे साठते. ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू आणि आजूबाजूची बंधने मलाशयाला जागेवर धरून ठेवतात. ही पकड सैल झाली आणि वरून वारंवार जोर पडत राहिला की मलाशय खाली घसरते आणि गुदद्वारातून बाहेर डोकावते. जुन्या मराठीत याला ‘आमण’ असाही शब्द आहे.

याचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिल्यात फक्त आतले नाजूक अस्तर थोडेसे बाहेर येते. दुसऱ्यात मलाशयाची पूर्ण भिंतच बाहेर येते, तेव्हा लालसर ओला गोळा दिसतो आणि त्यावर एकात एक गोल वळ्या असतात. सुरुवातीला हा गोळा शौचाच्या वेळी येतो आणि आपोआप आत जातो. पुढे तो हाताने ढकलावा लागतो. त्याहीपुढे खोकला आला, ओझे उचलले, नुसते उभे राहिले तरी बाहेर येतो. चिकट स्राव, थोडे रक्त, पोट साफ न झाल्याची भावना आणि काहींमध्ये शौचावरचा ताबा सुटणे ही त्याची लक्षणे आहेत.

इथे दोन गोंधळ नेहमी होतात. पहिला मूळव्याधीचा. गुदद्वाराजवळ काहीही आले की ‘मूळव्याध आहे’ म्हणून पाटीवाल्या वैद्याकडून मलम किंवा पुडी आणली जाते. मूळव्याधीत फुगलेल्या रक्तवाहिन्यांचे वेगवेगळे कोंब दिसतात, गुदभ्रंशात सलग गोलाकार गोळा दिसतो. मुलांमध्ये आतड्यातला कोंब किंवा आतड्यात आतडे शिरणे हा वेगळा, तातडीचा आजारही तसाच दिसू शकतो. म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचे. दुसरा गोंधळ शब्दाचा. बायका ‘अंग बाहेर येते’ म्हणतात तेव्हा बहुधा गर्भाशय खाली येण्याविषयी बोलत असतात. ते योनीमार्गातून येते. त्याचे उपचार वेगळे आहेत : व्यायाम, आधार देणारी रिंग किंवा ऑपरेशन. काही स्त्रियांना दोन्ही त्रास एकत्र असतात. म्हणून आशाताईने किंवा कार्यकर्तीने ‘कोणत्या जागेतून येते?’ हा प्रश्न स्पष्ट विचारायला हवा.

लहान मुलांत : आजार खाली दिसतो, कारण ताटात असते

मुलांमध्ये गुदभ्रंश प्रामुख्याने चार वर्षांच्या आत दिसतो. या वयात मलाशय सरळ असते आणि त्याला धरून ठेवणारी बंधने सैल असतात. त्यात सतत जुलाब, आव, बद्धकोष्ठ, डांग्या खोकल्यासारखा लांबलेला खोकला किंवा पोटात जंत यांपैकी काही झाले की मूल कुंथते आणि अस्तर बाहेर येते. कुपोषित मुलात मलाशयाभोवतीची आधाराची चरबी झिजलेली असते, त्यामुळे धोका वाढतो.

जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात ही बाब फार महत्त्वाची आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर योजना आल्या, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरीही कुपोषणाच्या बातम्यांत या तालुक्यांची नावे येतच राहिली. अशा भागात मुलाचे मलाशय बाहेर आले तर ते भुकेचे, दूषित पाण्याचे किंवा जंतांचे लक्षण असू शकते, हे आधी तपासले पाहिजे. फक्त गोळा आत ढकलून घरी पाठवलेले मूल चार दिवसांनी पुन्हा तसेच येते.

उपचाराचा क्रम साधा आहे :

• जुलाब असतील तर ओआरएस आणि चौदा दिवस झिंक. सहा महिन्यांवरील मुलाला दिवसाला २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. दोन्ही गोष्टी आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात मिळतात.

• जंतांसाठी अल्बेंडाझोल. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी चुकवू नये. मात्र गुदभ्रंशाशी ज्याचा विशेष संबंध आहे त्या चाबूककृमीवर एकच गोळी अनेकदा पुरत नाही. म्हणून अशा मुलाला किती दिवस औषध द्यायचे ते डॉक्टरांना विचारावे.

• बद्धकोष्ठ असेल तर पाणी, फळे, पालेभाजी आणि डॉक्टरांनी दिलेले शौच मऊ करणारे औषध.

• मुलाला शौचाला पायांवर किंवा भांड्यावर फार वेळ बसवून ठेवू नये. ‘जोर लाव’ असे म्हणू नये. काम झाले की उठवावे.

• दंडाचा घेर मोजावा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित आहे. अशा मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करण्याचा आग्रह धरावा.

कारणावर उपचार झाले की बहुतेक मुलांचा त्रास काही आठवड्यांत ते महिन्यांत थांबतो. तरीही पुन्हापुन्हा होत राहिला, मूल चार वर्षांपेक्षा मोठे असेल किंवा दर वेळी वेदना आणि रक्तस्राव होत असेल तर बालशल्यचिकित्सकांकडे न्यावे. तिथे आधी मलाशयाभोवती औषधाचे इंजेक्शन देऊन ते चिकटवण्याचा सोपा उपाय करता येतो. मोठे ऑपरेशन फार थोड्या मुलांना लागते.

बाहेर आलेले आत जात नसेल तर

आधी घाबरू नये आणि मुलाला रागावू नये. मुलाला कुशीवर किंवा आईच्या मांडीवर पालथे झोपवून गुडघे पोटाशी घ्यावेत. मोठ्या माणसानेही कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यावेत. हात साबणाने धुवावेत, मिळाले तर हातमोजे घालावेत. स्वच्छ ओल्या मऊ कापडाने गोळ्यावर हळूहळू, एकसारखा दाब देत तो आत सरकवावा. दोन-चार मिनिटे लागू शकतात. सूज जास्त असेल तर दवाखान्यात गोळ्यावर साधी साखर पसरतात. साखर सुजेतले पाणी ओढून घेते आणि गोळा लहान झाला की तो आत जातो. राख, हळद, तंबाखू, चुना, झाडपाल्याचा लेप यांपैकी काहीही लावू नये आणि शेक देऊ नये.

गोळा काळा-निळा पडला, आत जातच नसेल, असह्य वेदना, खूप रक्त, ताप, उलट्या किंवा पोट फुगणे यांपैकी एक जरी दिसले तर ती आणीबाणी आहे. अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. अशा वेळी ओल्या स्वच्छ कापडाने झाकून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. भगताकडे जायचे असेल तर नंतर जा, आधी दवाखाना. घरच्यांशी भगतावरून वाद घालत बसण्यापेक्षा हे एवढेच शांतपणे सांगितलेले जास्त उपयोगी पडते.

मोठ्या माणसांत : औषधाने नाही, ऑपरेशनने

प्रौढांमध्ये हा आजार पन्नाशीनंतरच्या स्त्रियांत सर्वाधिक आढळतो, पण तरुण पुरुषांनाही होतो. वर्षानुवर्षे कुंथण्याची सवय, जुनाट बद्धकोष्ठ, जुना खोकला, बाळंतपणात सैल झालेले स्नायू, मज्जातंतूंचे आजार ही त्याची कारणे. जिथे शौचालय नाही किंवा आहे पण पाणी नाही, तिथे बाई अंधार पडेपर्यंत शौच रोखून धरते आणि लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीही कमी पिते. बद्धकोष्ठ तिथूनच सुरू होते. पावसाळ्यात धो धो पाऊस पडणाऱ्या या डोंगराळ तालुक्यांत उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन चढ चढावे लागतात, हेही विसरून चालणार नाही.

प्रौढांचा पूर्ण गुदभ्रंश गोळ्या, मलम, व्यायाम यांनी कायमचा बरा होत नाही. शौच मऊ ठेवणे आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम (वारा रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळून काही सेकंद धरणे आणि सोडणे) यांनी सुरुवातीच्या अवस्थेत आणि ऑपरेशननंतर मदत होते. खरा उपाय ऑपरेशनचाच. त्याआधी डॉक्टर बोटाने तपासतात, कुंथायला सांगून बघतात आणि वयस्क रुग्णात कर्करोग नाही ना हे पाहण्यासाठी आतड्याची दुर्बिणीने तपासणी सुचवतात. तपासणीच्या वेळी गोळा बाहेर येईलच असे नाही. म्हणून रुग्णाची संमती असेल तर घरी बाहेर आलेला असताना त्याच्याच मोबाईलवर काढलेला एक फोटो डॉक्टरांना दाखवता येतो. तो इतर कुणाच्याही फोनवर जाता कामा नये.

ऑपरेशनचे दोन मार्ग आहेत :

पोटातून : मलाशय वर ओढून पाठीमागच्या त्रिकास्थीला टाके घालून किंवा जाळी लावून पक्के केले जाते. हे पोट उघडून किंवा दुर्बिणीतून करता येते. फार बद्धकोष्ठ असेल तर कधी मोठ्या आतड्याचा जादा लांब भागही काढतात. यासाठी पूर्ण भूल लागते. आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण या मार्गात कमी असते, म्हणून धडधाकट रुग्णाला बहुधा हाच सुचवला जातो.

खालून : गुदद्वाराच्या बाजूनेच बाहेर आलेले अस्तर काढून भिंतीच्या चुण्या घालतात किंवा बाहेर आलेला भाग कापून आतडे जोडतात. हे कमरेत इंजेक्शन देऊन, कमरेखालचा भाग बधिर करूनही होते. वृद्ध, हृदयाचा किंवा दम्याचा आजार असलेल्या रुग्णाला हा मार्ग सोसतो, मात्र आजार पुन्हा होण्याची शक्यता तुलनेने जास्त राहते.

डॉक्टरांना चार प्रश्न विचारायला संकोच करू नये : माझ्यासाठी कोणता मार्ग आणि का? जाळी बसवणार का? शौचावरचा ताबा सुधारेल का? पुन्हा झाले तर काय? तरुण पुरुषांनी आणखी एक विचारावे. पोटातल्या ऑपरेशनमध्ये लैंगिक क्रियेशी संबंधित नसांना इजा होण्याचा थोडा धोका असतो, त्याबद्दल आधीच बोललेले बरे.

बरे होण्याचा काळ : कागदावरची विश्रांती आणि घरातली विश्रांती

ऑपरेशननंतर साधारण काही दिवस दवाखान्यात राहावे लागते. कोणते ऑपरेशन झाले त्यावर ते अवलंबून असते. घरी आल्यावर चालायला लगेच सुरुवात करायची. जड उचलणे मात्र चार ते सहा आठवडे पूर्ण बंद. कुंथायचे नाही. शौच मऊ ठेवणारे औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायचे. नागलीची भाकरी, डाळी, पालेभाज्या आणि भरपूर पाणी हा आहार महागडा नाही. सैल पडलेला ताबा हळूहळू, कधी कधी कित्येक महिन्यांनी परत येतो. काहींचा पूर्ण येत नाही, म्हणून धीर आणि व्यायाम दोन्ही सोडायचे नाहीत. ताप, वाढत्या वेदना, भरपूर रक्त, लघवी अडणे असे काही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

हे सगळे कागदावर सोपे आहे. पण ‘सहा आठवडे ओझे उचलू नका’ हा सल्ला ज्या बाईला दिला, तिच्या घरी पाणी कोण भरणार? दिवाळीनंतर जे कुटुंब भिवंडी, वसई, वाड्याच्या बाजूला वीटभट्टीवर जाते, उचल घेऊन बसलेले असते, त्यातला पुरुष सहा आठवडे विटा उचलायचे कसा थांबणार? म्हणून ऑपरेशनची तारीख ठरवताना स्थलांतराचा हंगाम, भातलावणी आणि घरातल्या माणसांची वाटणी यांचा विचार करावाच लागतो. आजार काळा-निळा, अडकलेला नसेल तर ऑपरेशन ठरवून करता येते. ही सवलत गरिबाच्या बाजूने वापरायला आपण शिकले पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधान परिषदेत प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला होता. श्रमिक स्त्रीच्या शरीराला लागणारी विश्रांती हा समाजाच्या हिताचा प्रश्न आहे आणि त्याचा भार शासनानेही उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. विश्रांतीला पैसा लागतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. बरे होण्याच्या सहा आठवड्यांनाही आपण हीच दृष्टी लावायला हवी.

जामसरहून कुठे जायचे?

पहिली पायरी जामसरचे प्राथमिक आरोग्य केंद्र. इथे तपासणी, जंताचे औषध, झिंक, शौच मऊ करणारे औषध आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी या गोष्टी व्हाव्यात. चिठ्ठी जरूर घ्यावी. तिच्यामुळे पुढच्या दवाखान्यात पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगावे लागत नाही.

दुसरी पायरी जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय. सर्जन कोणत्या दिवशी भेटतात हे निघण्याआधी फोनवर विचारावे, नाहीतर एक दिवसाची मजुरी फुकट जाते.

तिसरी पायरी मोठी रुग्णालये. नाशिक जव्हारपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. सिल्वासाचे विनोबा भावे रुग्णालयही या भागातल्या लोकांच्या वाटेवरचे आहे. मुंबईत केईएम, जेजे, नायर, सायन आणि लहान मुलांसाठी परळचे वाडिया रुग्णालय आहे. मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवकाचे कार्यालय असते. पैसे, औषधे, नातेवाइकांची सोय यासाठी पहिल्याच दिवशी तिथे जावे.

खर्चाबाबत तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शिधापत्रिका आणि आधार कार्डावर निवडक उपचार मोफत होतात. सुचवलेले ऑपरेशन त्यात कुठे आणि कसे बसते हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून किंवा १५५३८८ या क्रमांकावर आधीच विचारून घ्यावे. तिसरे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. त्यात सापडलेल्या मुलाचे पुढचे उपचार मोफत करण्याची तरतूद आहे. तसेच पोषण पुनर्वसन केंद्रात मुलासोबत राहणाऱ्या आईला जेवण आणि बुडीत मजुरी मिळण्याची सोय आहे. ती मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून मागावी.

राजालाही लाज वाटली होती

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. मगधाचा राजा बिंबिसार याला भगंदर झाला होता. वस्त्राला रक्ताचे डाग पडायचे आणि ते पाहून राण्या त्याची थट्टा करायच्या. राजा शरमला. त्याने राजपुत्र अभयाला आपले दुखणे सांगितले, अभयाने तरुण वैद्य जीवकाला पाठवले आणि जीवकाने लेप लावून राजाला बरे केले. राजा बरा झाला, कारण त्याने एका विश्वासू माणसाजवळ तोंड उघडले. त्याच ग्रंथात अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतल्याची आणि रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा असल्याचे भिक्खूंना सांगितल्याची कथा आहे. ज्या परंपरेने मलमूत्राला हात लावणे कमीपणाचे मानले नाही, तिच्या वारसांनी या आजाराचे नाव घ्यायला लाजू नये.

आपण काय करू शकतो?

जव्हार-मोखाड्यात वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी समाज राहतो. पालघर, ठाणे, नाशिकचे अनेक बौद्ध तरुण तिथे कपडे, वह्या, धान्य घेऊन जातात. पुढच्या वेळी पुढील गोष्टीही करून पाहाव्यात :

• आरोग्य शिबिर घेत असाल तर आडोशाची एक खोली आणि एक महिला डॉक्टर किंवा परिचारिका असल्याशिवाय घेऊ नये. मंडपात कुणी हा आजार सांगणार नाही.

• प्रश्न थेट विचारावेत : ‘शौचाला गेल्यावर काही बाहेर येते का? हाताने आत घालावे लागते का?’ हे एखाद्या दिवशीच होते की रोज, तेही विचारावे.

• सापडलेल्या रुग्णाचे नाव, पाडा, फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत. मदतीचा पुरावा म्हणून कुणाच्या लाजेचा वापर होता कामा नये.

• एका रुग्णामागे एक कार्यकर्ता नेमावा. तो मोठ्या रुग्णालयात सोबत जाईल, केसपेपर काढेल आणि ऑपरेशननंतर सहा आठवडे दर आठवड्याला चौकशी करेल.

• त्या सहा आठवड्यांसाठी कुटुंबाला शिधा आणि पाणी भरायला माणूस मिळेल अशी व्यवस्था गावातच उभी करावी. वस्तुवाटपाच्या एका कार्यक्रमाच्या खर्चात हे सहज होऊ शकते.

• ग्रामसभेत शौचालयातल्या पाण्याचा, अंगणवाडीतल्या आहाराचा आणि आरोग्य केंद्रातल्या रिक्त पदांचा प्रश्न लावून धरावा.

बाहेर आलेले मलाशय डॉक्टर आत बसवतील. ते पुन्हा बाहेर येऊ नये यासाठी लागणारे पाणी, अन्न, विश्रांती आणि सन्मान हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळत नाही. ते मिळवून देणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

जयभीम.